फुलांना हात लावू देणाऱ्या मंदाताई

मंदाताईंची आणि माझी पहिली ओळख झाली ती एका पाटीमुळे.

विरार पश्चिमेच्या आमच्या शाळेत मी मराठी शिकवायला रुजू झाले, तेव्हा नुकतीच राजापूरकडून आले होते. बोळिंजला भाड्याची जागा होती. यजमान सकाळी लवकर कामावर जात आणि दिवेलागणीनंतर परतत. शेजारी कुणाशी बोलावं इतकी ओळख नव्हती. शाळेत मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत डबे उघडले जात, गप्पा रंगत, आणि मी आपली खिडकीपाशी उभी राहून बाहेर बघत असे. खिडकीबाहेर शाळेची बाग होती. विटांच्या तिरप्या कडा, रंगीत पानांची झाडं, काही गुलाब आणि मधोमध एक पाटी: फुलांना हात लावू नये.

एका दुपारी प्राथमिक विभागातल्या एक बाई त्या पाटीसमोर बराच वेळ उभ्या असलेल्या मी पाहिल्या. सुती साडी, घट्ट अंबाडा, हातात खडूचा डबा. मग त्या आत आल्या आणि जेवत असलेल्या मुख्याध्यापकांसमोर उभ्या राहिल्या.

"सर, ती पाटी काढता येईल का?"

"का हो, मंदाबाई?"

"चौथीला फुलाचे भाग शिकवतेय. फळ्यावर काढून दाखवलं. मुलं म्हणाली, खरं फूल दाखवा. मी बागेत पाठवलं, तर पाटी वाचून रिकाम्या हातांनी परत आली."

सर हसले. "पाटी काढली तर आठवड्यात एक फूल राहायचं नाही."

"नाही राहणार," मंदाताई म्हणाल्या. "पण मुलांना फूल कळेल."

पाटी निघाली नाही. सर काही वाईट गृहस्थ नव्हते. संस्थेची मंडळी कधीही येत, त्यांना बाग दाखवावी लागे. पण पाण्याच्या टाकीमागची पडीक पट्टी मंदाताईंना मिळाली. दुसऱ्या दिवशी त्या माझ्यापाशी आल्या. "तुम्ही नवीन ना? रोज खिडकीपाशी दिसता. मागे येता का? विटा उचलायला कुणीतरी हवं आहे." मी गेले. त्या दिवसापासून माझा डबा टाकीमागे, मुलांच्या आणि चिखलाच्या सोबतीने संपू लागला. मला एकटं वाटतं असं मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. त्यांनीही कधी विचारलं नाही. त्यांनी मला फक्त काम दिलं.

आज श्रीमती मंदाकिनी चुरी यांच्या अमृतमहोत्सवानिमित्त हा ग्रंथ निघतो आहे. यात त्यांचे विद्यार्थी लिहितील, सहकारी लिहितील, गावातली मंडळी लिहितील. त्यांच्या शिकवण्याबद्दल, शिस्तीबद्दल, मुलांच्या बागेबद्दल पुष्कळ सांगितलं जाईल आणि ते सगळं खरंच असेल. मी त्यांच्या फार जवळ राहिले, म्हणून त्या बागेच्या मागची जी बाई मला दिसली, तिच्याबद्दल लिहिण्याचा प्रयत्न करते.

मंदाताई लग्न होऊन निर्मळजवळच्या एका वाडीत आल्या. माहेर आणि सासर, दोन्हीकडे बागायत. नारळ, केळी, पानवेली आणि या घरात मुख्य म्हणजे फुलं. मोगरा, कागडा, तगर, सोनचाफा. वसईकडच्या लोकांना हे सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते: विकायचा मोगरा झाडावर उमलू देत नाहीत. पहाटे कळ्याच खुडायच्या, ओल्या फडक्यात बांधायच्या आणि उजाडायच्या आत बाजारात पाठवायच्या. त्या कळ्या संध्याकाळी शहरात कुणाच्या तरी गजऱ्यात उमलतात. मंदाताई पहाटे सासूबाईंबरोबर कळ्या खुडत, मग अंघोळ करून शाळेत येत. त्यांच्या बोटांना येणारा तो हिरवट वास पहिल्या तासापर्यंत टिकत असे. त्यांचे यजमान रमाकांतराव बाजार सांभाळत. बोलके, उमदे गृहस्थ. मी त्यांच्या घरी गेले की दोन नारळ हातात दिल्याशिवाय सोडत नसत.

ताई निवृत्त झाल्या आणि त्याच वर्षी थंडीत रमाकांतराव गेले. छातीत दुखतंय म्हणाले आणि रुग्णालयात पोहोचण्याआधीच गेले. सासूबाई आधीच गेल्या होत्या. एकुलती लेक मेधा बंगळूरला. वाडीतली दोन कामकरी माणसं होती, त्यांनीही महिन्याभरात दुसरीकडे काम धरलं, कारण बाजाराचं बघणारं कुणी उरलं नव्हतं. मेधा आईला घेऊन गेली. ताई तिकडे काही काळ राहिल्या आणि परत आल्या. मी विचारलं, "करमलं नाही का?" त्या म्हणाल्या, "लेकीने काही कमी केलं नाही. माझी खोली चांगली होती. पण खिडकीतून दिसणारी सगळी झाडं माळ्याची होती."

त्या परत आल्या तेव्हा चैत्र होता. मी त्यांना भेटायला गेले. फाटक उघडं होतं, हाक मारली तर ओ आली नाही. मागे गेले, तर मोगऱ्याच्या रांगांमध्ये ताई उभ्या होत्या. खुडायला कुणी नसल्यामुळे सगळा मोगरा झाडावरच फुलला होता. ओळीच्या ओळी पांढऱ्या झाल्या होत्या. वास इतका होता की मला क्षणभर डोकं जड झाल्यासारखं वाटलं. मी म्हणाले, "ताई, किती सुंदर दिसतंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "इतकी वर्षं या घरात काढली," त्या म्हणाल्या, "पण अख्खी वाडी फुललेली आजच पाहतेय. हे असते तर असं कधी दिसलंच नसतं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "सुलभाबाई, मला हे बघवत नाही."

आम्ही दोघी घरात गेलो. त्यांनी चहा केला. वास घरातही येत होता. त्यांनी उठून मागचं दार लावून घेतलं. पुढे बरेच दिवस ते दार बंदच असे.

ते दार उघडलं दोन मुलींमुळे. त्या सायकलवरून आल्या होत्या. शाळेत फुलाचे भाग वहीत चिकटवून आणायला सांगितले होते आणि त्यांच्या इमारतीत जास्वंद नव्हती. गल्लोगल्ली हिंडून त्या या फाटकाशी पोहोचल्या. ताईंनी त्यांना मागे नेलं आणि म्हणाल्या, "घ्या काय हवं ते." मुलींनी एक जास्वंदीचं फूल तोडलं, तिथेच मातीत बसून सोललं, परागकण नाकाला लावले, एकमेकींच्या गालांना लावले. मग त्यांतल्या एकीने विचारलं, "आम्ही इथे काही लावलं तर चालेल?"

"काय लावणार?"

"माहीत नाही."

"चालेल," ताई म्हणाल्या.

मुलांची बाग सुरू झाली ती अशी. पुढे वर्तमानपत्रांतून तिच्याबद्दल छापून आलं, तेव्हा कुणीतरी 'उपक्रम' असा शब्द वापरला. ताईंना तो शब्द पटला नाही. "उपक्रम ठरवून करतात," त्या म्हणाल्या. "मी फक्त हो म्हणाले."

वाडीच्या पुढच्या भागात, विहिरीच्या अलीकडे, त्यांनी जमीन मोकळी करून वाफे पाडले. बोळिंजच्या इमारतींतली मुलं येऊ लागली, गावातली येऊ लागली, राजोडीहून कोळ्यांची दोन भावंडं येऊ लागली. येईल त्या मुलाला एक वाफा. त्यात काय लावायचं, कसं लावायचं, ते त्या मुलाने ठरवायचं. ताईंकडे बी मागितलं तर बी मिळे, फांदी मागितली तर फांदी मिळे, सल्ला मागितला तरच सल्ला मिळे. आणि मोठ्या माणसांनी वाफ्यात पाय ठेवायचा नाही, हा एकच कडक नियम होता. मीसुद्धा त्याला अपवाद नव्हते.

त्या मोकळिकीत मुलांनी जे केलं, ते कुठल्या पुस्तकात सापडायचं नाही. एकाने मोडक्या छत्रीचा सांगाडा उलटा रोवला आणि त्यावर गोकर्ण चढवला. फुलं आली तेव्हा निळ्या पाण्याने भरलेलं भांडं दिसावं तसं ते दिसत होतं. एका मुलीने झेंडू आपल्या नावाच्या पहिल्या अक्षरात लावला. झेंडू पसरला, अक्षर बुजलं, ती रडली, आणि मग म्हणाली की आता ते माझ्या बहिणीच्या नावाचं अक्षर झालंय. राजोडीच्या भावंडांनी जुन्या जाळ्याला पेला-पेला मातीच्या पुरचुंड्या बांधून त्यांत दहा वाजता उमलणारी ऑफिसची फुलं लावली आणि जाळं दोन माडांमध्ये टांगलं. पालक फाटकाबाहेरून म्हणत, "बाई, जरा सरळ ओळीत लावायला शिकवा." ताई म्हणत, "ओळी पुढे आयुष्यभर आहेतच की."

या काळात मोगरा कुणी खुडत नव्हतं असं नाही. मुलं खुडत, ओंजळी भरून घरी नेत. मागचं दार आता दिवसभर उघडं असे. पण मुलं साडेसहाला घरी जात. त्यानंतर मी कधी फोन केला, तर ताईंचा आवाज दिवसभर न बोललेल्या माणसासारखा लागे. एकदा मी तसं म्हटलं. त्या म्हणाल्या, "मुलांशी बोलते की. पण मुलांशी बोलताना आपण आपल्याबद्दल काही बोलत नाही ना."

त्यांनी मला दिलेल्या एका गोष्टीबद्दल इथे लिहिलंच पाहिजे. माझे यजमान आजारी पडले आणि गेले. तेराव्यानंतर पाहुणे पांगले. मुलगा नोकरीवर परत गेला. त्या दुपारी घरात फ्रिजचा आवाज तेवढा येत होता. दाराची घंटा वाजली. ताई उभ्या होत्या, हातात पिशवी. त्यांनी धीर दिला नाही, विचारपूस केली नाही. आत आल्या, चपला काढल्या, गॅलरीत गेल्या आणि माझ्या वाळलेल्या कुंड्यांसमोर बसल्या. आजारपणात त्यांना पाणी घालायचं राहूनच गेलं होतं. ताईंनी एकेक कुंडी उपडी केली, मुळं झाडली, माती मोकळी केली. मी आतल्या खोलीत पडून तो खुरप्याचा आवाज ऐकत होते. संध्याकाळी त्यांनी हात धुतले आणि माझ्याजवळ येऊन बसल्या.

"उद्या येते," त्या म्हणाल्या. "बोलायची गरज नाही. तू झोपलीस तरी चालेल."

त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा 'तू' म्हटलं. मग त्या कितीतरी दुपारी येत राहिल्या, मुलं यायच्या वेळेआधी परत जात. आमच्यात फारसं बोलणं होत नसे. पण मला आज कळतं, की त्यांचं मागचं दार बंद असताना त्यांच्याकडे असं येऊन बसणारं कुणी नव्हतं. आपल्याला जे मिळालं नाही, ते त्यांनी मला दिलं, आणि देताना त्याचा उच्चारही केला नाही.

आता आर्याबद्दल. ती आज मोठी झाली आहे आणि हे लिहायला तिने मला परवानगी दिली आहे.

आर्याचे आईवडील साताऱ्याकडचे, दोघेही नोकरीला. तिसरीतली ही मुलगी शाळेतून येऊन गळ्यातल्या किल्लीने दार उघडे, एकटी जेवे आणि मग वाडीत येई. बोलणं अगदी कमी. तिला वाफा मिळाला, पण तिने काही लावलं नाही. बी मागितलं नाही, फांदी मागितली नाही. पावसाळा आला आणि त्या मोकळ्या मातीत जे येतं ते आलं: तेरडा, टाकळा, केना, कुरडू. इतर मुलं आपापल्या वाफ्यांतलं तण उपटत होती. आर्या त्याच तणाला काड्यांचे आधार देत होती, त्याच्या मुळाशी माती सारत होती.

दसऱ्याच्या सुमारास बोळिंजच्या एका सोसायटीच्या मंडळींनी बाग बघायला यायचं ठरवलं. सगळ्यांत छान वाफ्याला बक्षीस द्यावं, असं त्यांचं म्हणणं होतं. ताई म्हणाल्या, बघायला जरूर या, बक्षीस नको. तरी एक गृहस्थ चषक घेऊन आले. चांगल्या मनाने आणला होता. छत्रीवरचा गोकर्ण पाहून ते खूश झाले, फोटो काढले. मग आर्याच्या वाफ्यापाशी थांबले.

"हा कुणाचा? इथे तर गवतच आहे सगळं. बाई, हिला कुणी काही शिकवलं नाही का?"

"नाही," ताई म्हणाल्या.

"अहो, मग थोडं सुचवायचं तरी. इतरांचं बघून तिला वाईट नाही का वाटणार?"

ताई खाली बसल्या, मुलीच्या उंचीएवढ्या. "आर्या, या काकांना तुझा वाफा दाखवतेस?"

आम्हाला वाटलं, ही काही बोलायची नाही. मग तिने कुरडूच्या गुलाबी-पांढऱ्या तुऱ्याला बोट लावलं. "ही मेणबत्ती. हा निळा कान," केन्याचं फूल दाखवत ती म्हणाली. "हे मी लावलं नाही. बाकी सगळ्यांना झाडं आणावी लागली. ही आपली आपण आली. म्हणून मी त्यांना ठेवलं."

गृहस्थांनी चषक दुसऱ्या हातात घेतला. मग ते हळूच म्हणाले, "छान आहे हं, बेटा," आणि पुढे गेले. चषक त्यांनी परत नेला.

मुलं गेल्यावर आम्ही दोघी पायरीवर बसलो होतो. मी म्हणाले, "काय बोलली पोरगी." ताई म्हणाल्या, "दुपारभर तिच्या घरी कुणी येत नाही, सुलभा. आपण होऊन जे आलं, ते ती कसं उपटून टाकेल?"

ताईंच्या साऱ्या शिक्षणविचाराबद्दल या ग्रंथात कुणी विद्वान लिहितील. मला विचाराल, तर तो एवढाच आहे. मूल काय करतंय यापेक्षा ते का करतंय, हे त्या बघत. आणि त्यातलं जे त्यांना कळे, ते बहुतेक वेळा त्या स्वतः जगलेल्या असत.

मुलं मोठी झाली. सातवी-आठवीत शिकवणी सुरू होते, मग स्पर्धा परीक्षा, मग दहावी. आज येणारं मूल एक दिवस येईनासं होतं. सांगून जाणारी थोडी, बहुतेक न सांगताच. ताईंनी कुणालाही परत बोलावलं नाही. मात्र गेलेल्या मुलाचा वाफा त्या लगेच दुसऱ्याला देत नसत. एक पावसाळा तो तसाच ठेवत. मी एकदा विचारलं, "वाट बघता का?" त्या म्हणाल्या, "नाही गं. मुलं पुढे जाणार, ते बरोबरच आहे. पण ते गेलं हे जरा दिसू दे की." आर्याचा वाफाही असाच एक पावसाळा राहिला. त्यात काही लावायचं नव्हतंच. सगळं आपलं आपण उगवलं.

काही वर्षांपूर्वी वाडीची वाटणी झाली. रमाकांतरावांचे धाकटे भाऊ वसंतराव ठाण्याला असतात. पुढचा, रस्त्याकडचा तुकडा त्यांच्याकडे गेला. घर, विहीर आणि मागचा भाग ताईंकडे राहिला. मुलांचे वाफे पुढच्या तुकड्यात होते. वसंतरावांनी तो विकायचं ठरवलं आणि ते स्वतः सांगायला आले. मी तिथेच होते.

"वहिनी, तुम्हाला वाईट वाटेल," ते म्हणाले, "पण माझंही वय झालं. मुलांना घर घ्यायचंय."

"तुमचा हक्क आहे, भाऊजी. झेंडू संपेपर्यंत थांबता येईल का?"

"झेंडू कधी संपतो?"

"दिवाळीनंतर."

वसंतराव थोडे ओशाळले. ही वाडी सोडून त्यांना फार वर्षं झाली होती. "थांबतो," ते म्हणाले, आणि त्यांनी शब्द पाळला.

गावातल्या काही जणांनी ताईंना सुचवलं, मुलांना घेऊन आंदोलन करा, वर्तमानपत्रात द्या, जमीन वाचेल. ताईंनी ऐकून घेतलं आणि नको म्हणाल्या. घरातलं भांडण मुलांच्या डोक्यावर द्यायचं नाही, असं त्यांचं मत होतं. त्यांनी मुलांना एकत्र बसवलं आणि खरं ते सांगितलं. ही जमीन आता आपली नाही. दिवाळीनंतर इथे इमारतीचं काम सुरू होईल. ज्याला आपलं झाड न्यायचंय, त्याने न्यावं. नाही नेलं तरी चालेल.

"मागे जागा आहे ना, बाई?" एका मुलाने विचारलं.

"मागे आता माडांची सावली पसरलीय, आणि विहिरीचं पाणी आता खारं होत चाललंय. तिथे तुमची झाडं तग धरायची नाहीत. मी खोटं सांगणार नाही."

दिवाळीनंतरच्या रविवारी मुलं आली. बादल्या, रंगाचे डबे, आंघोळीचे टब, शाळेची दप्तरं. गोकर्णाची छत्री दोघांनी पालखीसारखी उचलली. मुळाशी मातीचा गोळा कसा ठेवायचा, हे त्या दिवशी पहिल्यांदा ताईंनी न विचारता सांगितलं. वाफ्यांत त्या स्वतः गुडघ्यांवर बसल्या होत्या. पालक स्कूटर घेऊन उभे होते, पाय ठेवायच्या जागी कुंड्या धरून निघत होते. कॉलेजात पोहोचलेली जुनी मुलंही आली. त्यांत आर्या होती. तिचं म्हणून तिथे काहीच नव्हतं. कुंपणाच्या कडेला कुरडू वाळून उभा होता. तिने त्याचे तुरे हातावर चोळून काळं, चकचकीत बी रुमालात घेतलं आणि ताईंना वाकून नमस्कार केला. ताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मातीचा हात होता, तिच्या कुर्त्यावर तसाच उमटला.

दुपारपर्यंत सगळं रिकामं झालं. मी ताईंना जेवायला माझ्याकडे चला म्हणाले. त्या नको म्हणाल्या. "मला आज इथेच बसू दे," त्या म्हणाल्या. मी निघाले आणि वळून पाहिलं, तर त्या खणलेल्या जमिनीकडे तोंड करून पायरीवर बसल्या होत्या. मी परत फिरले नाही. त्यांना तेव्हा कुणी नको होतं, हे मला कळण्याइतकी आमची ओळख होती.

बोळिंजच्या मुलांनी सोसायटीत ती झाडं लावली. सचिवांनी सुरुवातीला जिन्यात कुंड्या ठेवायला मनाई केली, मग घसरगुंडीमागची भिंतीलगतची पट्टी दिली. निम्मी झाडं मेली, निम्मी जगली. ताईंनी तिकडे लक्ष घालावं, अशी काही पालकांची इच्छा होती. त्या म्हणाल्या, "ती त्यांची बाग आहे. मी गेले तर ती माझी होईल." तरी कधीतरी रिक्षा करून त्या माझ्याकडे येतात आणि आम्ही त्या पट्टीसमोरच्या बाकावर जाऊन बसतो. आता तिथे खेळणारी मुलं नवी आहेत, ताईंना ओळखत नाहीत. मागच्या वेळी एका मुलीने विचारलं, "आजी, तुम्ही कोणत्या विंगमध्ये राहता?"

"मी इथे राहत नाही," ताई म्हणाल्या. "बघायला आले."

मुलगी "ओके" म्हणाली आणि खेळायला पळाली. ताई हसल्या. रिक्षा येईपर्यंत त्या पट्टीकडेच बघत होत्या.

पुढच्या तुकड्यावर इमारत उभी राहिली आहे. तिची सावली चार वाजताच ताईंच्या अंगणात येते. "आता संध्याकाळ लवकर होते," एवढंच त्या म्हणतात. विहिरीचं पाणी पिण्याजोगं राहिलं नाही. मोगरा गेला. तगर आहे, जास्वंद आहे, दोन सोनचाफे आहेत. मेधा दर वर्षी येते, चार दिवस राहते, चल म्हणते. ताई हो-नाही काही बोलत नाहीत आणि मेधाला निरोप द्यायला रस्त्यापर्यंत जातात. गुडघे दुखतात, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे. हे सगळं मी इथे लिहिते आहे, कारण गौरवाच्या लेखात माणूस तृप्त, कृतार्थ, मुलाबाळांनी वेढलेला दाखवण्याची रीत आहे. मंदाताईंचं तसं नाही. त्यांच्याकडून शिकून गेलेली मुलं शेकड्यांनी असतील, त्यांनी हा समारंभ मोठ्या प्रेमाने आखला आहे, त्यांचं प्रेम खरं आहे. तरी त्या एकट्या राहतात, आणि एकटेपण त्यांना जाणवतं. ते लपवून मी त्यांचा गौरव केला, तर त्यांना तो आवडणार नाही.

या समारंभाचं सांगायला मी गेल्या आठवड्यात गेले, तेव्हा त्या अंगणाच्या एका कोपऱ्यात, जिथे दुपारचं थोडं ऊन अजून पोहोचतं, तिथे माती खणत होत्या. छोटा वाफा केला होता. त्यात काही लावलेलं नव्हतं. समोरच्या इमारतीत आता माणसं राहायला येऊ लागली आहेत. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून एक लहान मुलगी गजांमधून खाली बघत होती. ताई तिच्याकडे बघत नव्हत्या. ढेकळं फोडत होत्या.

"कुणासाठी?" मी विचारलं.

"बघू," त्या म्हणाल्या.

ताई, तुम्हाला दीर्घायुष्य लाभो असं म्हणताना माझी लेखणी जरा अडखळते. एकट्या माणसाचं दीर्घायुष्य म्हणजे लांबलचक दुपारी, हे तुम्हाला ठाऊक आहे आणि आता मलाही. म्हणून नुसती वर्षं मागत नाही. तुमचे गुडघे तुम्हाला मातीजवळ बसू देवोत, डोळ्यांना कळीचा रंग दिसत राहो, आणि तुमच्या शंभरीपर्यंतच्या कुठल्याही दुपारी कुणीतरी पोर बिनदिक्कत आत येऊन, तुमच्या पदराला चिखलाचे हात पुसत विचारो, "बाई, हे काय उगवलंय?"